कडीची जुनी आवृत्ती

१

मेस्त्रींनी मुख्य स्विच खाली ओढला तसे तळघरातले सगळे दिवे एकदम गेले. यंत्रांची घरघर थांबली आणि शीतगृहाच्या जाड दाराचं लोहचुंबक सुटल्याचा ‘खट्’ असा आवाज आला. दोघांनी जोर लावून दार ओढलं. ताईंच्या यजमानांनी मोबाइलचा उजेड आत टाकला.

ताई दारालाच टेकून बसल्या होत्या. दार उघडलं तशा त्या यजमानांच्या पायांवर कलंडल्या.

ही इमारत बियाण्यांच्या संग्रहाची. वर प्रयोगशाळा आणि कार्यालय, खाली तळघरात कडाक्याच्या थंडीत जपून ठेवलेलं बियाणं. त्यातलं कितीतरी आता कुठल्याच शेतात उरलेलं नाही. ताई या संग्रहाच्या संचालिका. त्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. जेवणाच्या सुमाराला सगळे घरी गेले. ताई मात्र संध्याकाळ झाली तरी परतल्या नाहीत, फोन लागेना, तेव्हा यजमानांनी जवळच राहणाऱ्या मेस्त्रींना बोलावून आणलं होतं.

पोलिसांनी दोन दिवसांत आपलं मत बनवलं. शीतगृहाच्या आत दाराशेजारी एक बटण होतं. ते दाबलं की दार उघडायचं, काहीही झालं तरी उघडायचं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, दर वेळी दार उघडलं. म्हणजे बाईंना आत चक्कर आली, दारापर्यंत आल्या पण बटण दाबण्याआधीच शुद्ध हरपली आणि थंडीनं गेल्या. प्रकरण मिटलं.

मिटलंही असतं कदाचित, पण मिटू दिलं नाही ते सुरक्षा तपासणी खात्यातून आलेल्या एका गृहस्थांनी. दर दोन वाक्यांनंतर “जरा खुलासा करा” म्हणायच्या सवयीमुळे खात्यात त्यांना सगळे ‘खुलासे’ म्हणत. नव्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटे. खुलासे लिफ्टनं जात नसत. बंद जागेचं त्यांना वावडं होतं. शीतगृहाच्या उंबरठ्यावर उभं राहून, एक पाय बाहेरच ठेवून, त्यांनी वाकून ते बटण पाहिलं.

बटणावरचं प्लास्टिक मधोमध तडकलं होतं. तडा बारीक होता, पण त्यात नखाचा एक तुकडा अडकला होता.

“बाई बटणापर्यंत पोचल्या होत्या,” खुलासे म्हणाले. “जीव खाऊन दाबत होत्या.”

मेस्त्रींनी विचारलं, “मग दार उघडलं का नाही?”

२

चौकशीसाठी खुलाशांना तळघरातलीच नियंत्रण खोली दिली होती. खिडकी नव्हती. एक टेबल, दाराचा कारभार पाहणारा संगणक आणि छताजवळ सतत गुणगुणणारा पंखा. खुलाशांनी खुर्ची उंबरठ्याजवळ ओढून घेतली.

इमारतीच्या किल्ल्या ताईंखेरीज तिघांकडे होत्या. पहिले आले उपसंचालक. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेले, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मऊ बोलणं, इस्त्रीचा सदरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“मी जेवणाआधीच निघालो,” ते म्हणाले. “ताई म्हणाल्या होत्या, दुपारी निवांतपणे थोडं बी काढणार आहे.”

“कशासाठी?”

“उगवण पाहायला. कुंडीत पेरून किती रुजतं ते बघतात. नेहमीचंच काम.”

“हा दाराचा प्रोग्राम तुम्हाला हाताळता येतो?”

डॉक्टर कसनुसं हसले. “छे हो. मी बियांचा माणूस. दाराजवळ गेलं की उघडतं, एवढंच मला ठाऊक. पूर्वी म्हणे कसली तरी जुनी आवृत्ती होती, पण ती बदलल्यावरच मी इथं रुजू झालो. तिचं तोंडही पाहिलेलं नाही.”

दुसरे मेस्त्री. ही इमारत बांधली तेव्हापासून थंडीची यंत्रं त्यांच्याच ताब्यात. त्यांनी मात्र जुन्या आवृत्तीचं तोंड चांगलंच पाहिलं होतं.

“साहेब, बियाण्याला थंडीपेक्षा ओल वाईट. आत दमट झालं की कोरड्या हवेची पाळी सुरू होते, तिला आम्ही सुकवणी म्हणतो. ती आपोआप सुरू होते, नाहीतर दाराबाहेरच्या फलकावरची कळ दाबून करता येते. तास न् तास चालते. जुन्या आवृत्तीत सुकवणी सुरू असेपर्यंत दार पक्कं बंद. आतलं बटण दाबलं तर नुसता भोंगा वाजायचा. मी एकदा अडकलो होतो. ताईंनी भोंगा ऐकला म्हणून वाचलो.”

“मग?”

“मग ताई चवताळल्या. धाकट्याकडून नवीन आवृत्ती घालून घेतली. आता सुकवणी असो नाहीतर काही असो, बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. बाहेरून मात्र सुकवणी चालू असताना अजूनही उघडत नाही, म्हणून शनिवारी वीज तोडावी लागली. भोंगा मी स्वतः उपटून फेकला. त्याच्याच तारांवर तो दिवा बसवलाय.”

“धाकटा कोण?”

“ताईंचा भाऊ. प्रोग्रामर आहे आमचा.” मेस्त्रींनी मान खाली घातली. “शनिवारपासून कुणाशी बोललेला नाही. घरीही जात नाही म्हणे.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिशीतला, दाढी वाढलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याचे डोळे संगणकावर खिळलेले होते.

“चौकशी थांबवा, साहेब,” तो म्हणाला. “ताईला मी मारलं.”

३

खुलाशांनी मेस्त्रींना बाहेर पाठवलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. धाकट्यानं तो नुसताच हातात धरला.

“जरा खुलासा करा.”

“तुम्हाला प्रोग्रामिंग कळतं?”

“कळत नाही असं धरून सांगा.”

“दाराचा प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. कुलूप लावायचं, काढायचं, बटणाकडे बघायचं, हे काम एक तयार मोड्यूल करतं. आम्ही त्याला ‘कडी’ म्हणतो. कडीच्या आवृत्त्या निघतात, पुस्तकाच्या निघतात तशा. दुसरी आवृत्ती म्हणजे मेस्त्री अडकले होते ती. तिसरी आवृत्ती नवीन, बटणाचं ऐकणारी.”

“आणि या संगणकावर तिसरी आहे. पोलिसांनी तपासलंय.”

“आहे ना. सगळ्यांसाठी ठेवलेली तिसरीच आहे.” त्यानं ओठ चावला. “पण माझ्या स्वतःच्या खात्यात दुसरी आहे. संग्रहाच्या जुन्या नोंदी वाचणारा एक प्रोग्राम आहे, तो दुसऱ्या आवृत्तीशिवाय चालतच नाही. म्हणून ती मी माझ्यापुरती ठेवली होती.”

“एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या? मग प्रोग्राम कुठली उचलतो?”

“असं बघा. कार्यालयाच्या कपाटात शब्दकोशाची नवी आवृत्ती आहे. तुमच्या टेबलाच्या खणात जुनी पडलीय. शब्द अडला तर तुमचा हात आधी कुठं जाईल?”

“खणात.”

“संगणकाचंही तसंच. मी माझ्या खात्यातून काही चालू केलं, की तो आधी माझ्या खणात बघतो. कडी मिळाली, घेतली. कपाटापर्यंत जातच नाही. म्हणून दाराचा प्रोग्राम चालू करायला वेगळं खातं आहे. त्याला खणच नाही. पण शनिवारी ते खातं बंद पडलं होतं. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला की ते स्वतःला कुलूप लावून घेतं. मी घरी होतो, तिथूनच संगणकाला जोडून घेतलं. म्हटलं, तूर्त माझ्याच खात्यातून चालू करू, सोमवारी बघू. जुन्या आवृत्तीची आठवणच झाली नाही.”

त्यानं पेला टेबलावर ठेवून दिला.

“मग संध्याकाळी मेस्त्रींनी वीज तोडली. वीज आली तेव्हा संगणक नव्यानं सुरू झाला. खात्याचं कुलूप काही तासांनी आपोआप सुटतं, आणि यंत्र सुरू झालं की प्रोग्राम आपला आपण त्या वेगळ्या खात्यातून चालू होतो. कपाटातली तिसरी आवृत्ती. म्हणून पोलिसांनी बटण दाबलं तेव्हा दार उघडलं. माझ्या चुकीचा मागमूसही राहिला नाही. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.” तो हुंदका गिळत म्हणाला, “गप्प बसवत नाही, साहेब. आईच्या तोंडाकडे बघवत नाही. आई ताईकडेच राहते. मी त्या घरात पाऊल कसं टाकू?”

खुलाशांनी वहीत दोन शब्द लिहिले. मग त्यांनी विचारलं, “प्रोग्राम बंद करून चालू करायला तुला सांगितलं कुणी?”

धाकट्यानं वर पाहिलं.

“ताईनंच,” तो म्हणाला.

४

“शब्द आठव. तिचेच शब्द, तसेच्या तसे.”

धाकट्यानं डोळे मिटले. “फोन आला. म्हणाली, ‘अरे, खालची स्क्रीन अडकलीय म्हणे. जरा बंद करून चालू कर ना. मी हातातलं काम संपवते आणि खाली जाते.’ मी केलं, आणि ‘झालं’ म्हणून कळवलं. तिनं बरं म्हटलं. बस्स.”

“पुन्हा म्हण.”

“खालची स्क्रीन अडकलीय म्हणे…”

“म्हणे?”

“हो. म्हणे.”

खुलासे खुर्चीतून उठले. “तुझी बहीण स्वतः स्क्रीनसमोर असती तर म्हणाली असती, स्क्रीन अडकलीय. ती वर होती. तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. मेस्त्री आणि डॉक्टर दोघंही म्हणतात, आम्ही आधीच निघालो. त्यातला एक तिला हे सांगायला थांबला होता.” ते अंगठ्यानं हनुवटी खाजवू लागले. “आणि ते वेगळं खातं नेमकं त्याच दिवशी कुणी बंद पाडलं? चुकीचा पासवर्ड एकदा टाकला तर विसराळूपणा. पुन्हा पुन्हा टाकला तर उद्योग.”

“पण माझ्या खणातल्या आवृत्तीचं कुणाला माहीत असणार?”

“याआधी कधी घडलं होतं असं?”

धाकट्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. “एकदाच. काही आठवड्यांपूर्वी, सुटीच्या दिवशी. घाईत माझ्या खात्यातून चालू केला होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, नीट करून टाकलं. कुणी आत गेलंच नव्हतं, त्यामुळे काही झालं नाही. चहाच्या वेळी सहज बोललोही होतो, की वाचलो बुवा, माझ्या खात्यातून चालू केलं की जुनी कडी लागते.”

“चहाला कोण होतं?”

“ताई घाईत होती, पेला घेऊन गेली. मेस्त्री होते. डॉक्टर होते.”

म्हणजे दोघांतला एक. खुलाशांनी कपाळावरचा घाम पुसला. खोलीत तर गारवा होता.

“धाकट्या, आता शनिवारी केलंस तसंच सगळं कर. तुझ्या खात्यातून प्रोग्राम चालू कर. सुकवणी सुरू करू. आणि मी आत जातो.”

“साहेब, तुम्ही? मेस्त्री म्हणत होते, तुम्ही लिफ्टमध्येही…”

“मेस्त्री फार बोलतात,” खुलासे म्हणाले.

५

दोन जाडजूड कोट चढवून खुलासे आत गेले. मेस्त्री मुख्य स्विचशी उभे राहिले. ठरल्या वेळानं वीज तोडायची, त्याआधी काही झालं तरी नाही. डॉक्टर आणि धाकटा दाराबाहेर थांबले.

दार मिटलं. चुंबकानं पकड घेतली आणि बाहेरच्या जगाचा आवाजच संपला. वरून कोरडी हवा भणभणत येऊ लागली. मांडण्यांवर चंदेरी पाकिटांच्या रांगा होत्या. खुलाशांनी स्वतःला बजावलं, घाबरायचं काही कारण नाही, बाहेर माणसं आहेत. छाती ऐकेना. त्यांनी बटण दाबलं.

बटणावरचा दिवा उघडझाप करू लागला. दार ढिम्म.

पुन्हा दाबलं. मग तळहातानं दाबलं. मग आपण दोन्ही मुठींनी दारावर आपटतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. आवाज त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू येत होता. पापण्या चिकटू लागल्या. आपल्याला ठाऊक आहे की वीज तोडली जाणार, आणि तरी आपली ही अवस्था. त्या बाईंना तर काहीच ठाऊक नव्हतं. साध्या लोकरीच्या स्वेटरवर त्या दोन मिनिटांसाठी आत आल्या होत्या. भावानं बसवलेली नवी कडी आहे, बटण दाबलं की उघडेलच, या भरवशावर त्या दाबत राहिल्या असतील.

अंधार झाला. खट्. दार उघडलं आणि खुलासे अक्षरशः बाहेर फेकल्यासारखे आले. भिंतीला टेकून त्यांनी तोंडानं श्वास घेतला. मेस्त्रींनी वीज परत आणली.

“बटण चालत नाही,” एवढंच ते बोलू शकले.

डॉक्टरांनी धावत जाऊन गरम चहा आणला, त्यांच्या हातात दिला, पाठीवरून हात फिरवला. खरोखरच कळवळून म्हणाले, “कशाला करायचं साहेब असलं धाडस? तो लाल दिवा उघडझाप करायला लागला की माणूस निम्मा तिथंच संपतो.”

खुलाशांनी चहाचा एक घोट घेतला. मग पेला खाली ठेवला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “दिवा लाल आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

६



“म्हणजे… मेस्त्रींनी,” डॉक्टर म्हणाले. “जुन्या आवृत्तीबद्दल बोलताना.”

“मी?” मेस्त्री पुढं आले. “जुन्या आवृत्तीच्या वेळी दिवा होता कुठं? भोंगा होता. दिवा नव्या कडीबरोबर बसवला, आणि तो मी तरी हिरवाच पाहिलाय.”

“मग धाकट्यानं…”

धाकटा पांढराफटक पडला होता. “मला आत्ता कळतंय. जुनी कडी भोंग्याला इशारा पाठवते. भोंगा काढून त्याच्या तारांवर दिवा जोडला, म्हणून…” तो अडखळला. “म्हणून तो दोन रंगांचा दिवा लाल लागत असणार. पण मी कधी आत उभा राहून पाहिलेलं नाही. कुणीच नाही.”

“बरोबर, दिवा लालच होता,” खुलासे म्हणाले. “आजच्या आधी जुनी कडी आणि नवा दिवा यांची गाठ दोनदाच पडली. एकदा शनिवारी. तेव्हा आत ताई होत्या, आणि दार उघडलं तेव्हा वीजच नव्हती, म्हणून दिवा बाहेरच्या कुणाला दिसणं शक्य नाही. दुसरी खेप त्या सुटीच्या दिवशी. धाकट्या, तुला वाटलं त्या दिवशी आत कुणी गेलंच नाही. एक माणूस गेला होता. सुकवणी आपोआप सुरू झाली, तो अडकला, लाल दिव्याकडे बघत राहिला. अंगात जाड कोट असेल म्हणून तगला, पाळी संपली तेव्हा सुटला. मरता मरता वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी आरडाओरडा करतो. हा गप्प राहिला. का? तर आपण सुटीच्या दिवशी आत काय करत होतो, हे त्याला सांगता येत नव्हतं. मग चहाच्या वेळी तू आपण होऊन सांगितलंस की असं कशामुळं होतं.”

डॉक्टरांनी सदऱ्याची बाही उगाचच सारखी केली.

“मेस्त्रींना ताईंशी वैर नव्हतं आणि बियांत लपवण्यासारखं काही नव्हतं,” खुलासे शांतपणे म्हणाले. “ताई शनिवारी कुठलं बी काढणार होत्या, डॉक्टर?”

उत्तर धाकट्यानं दिलं. “डोंगराकडच्या मसुरीचं. तिकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं आणून दिलं होतं. त्यांच्या घरात तेवढंच उरलं होतं.”

“ते मेलंय,” डॉक्टर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मेस्त्रींना पुढं वाकावं लागलं. “आलं तेव्हा मीच सुकवायला ठेवलं. भट्टीची उष्णता चढी राहिली. रात्रभर भाजलं गेलं. ते बी आता जगात दुसरीकडे कुठंच नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर ताई रागावल्या असत्या, रडल्या असत्या, संपलं असतं. मी बाजारातली मसूर आणून पाकिटांत भरली. त्या सुटीच्या दिवशी उरलेली पाकिटं बदलत होतो. मग ताईंनी उगवण पाहायची ठरवली. रोपं आली असती तर त्यांनी पानावरून ओळखलं असतं. रोज वाटायचं आज सांगू. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड होत गेलं.”

“म्हणून त्यांना कोंडलंत.”

“मी ते खातं बंद पाडलं आणि त्यांना म्हटलं, स्क्रीन अडकलीय. त्या खाली गेल्या. मी कळ दाबली आणि निघालो. जिन्यात थोडा वेळ थांबलो. काही ऐकू येत नव्हतं.” त्यांनी पहिल्यांदाच धाकट्याकडे पाहिलं. “तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं रे. वाटलं, पोलीस म्हणतील चक्कर आली.”

धाकटा त्यांच्या अंगावर धावला. मेस्त्रींनी त्याला कमरेपासून धरून ठेवलं. डॉक्टरांनी हात वर केले नाहीत, मागंही सरले नाहीत.

७

पोलीस डॉक्टरांना घेऊन गेले. मेस्त्री यंत्रांकडे गेले. धाकटा नियंत्रण खोलीत बसून आपल्या खात्यातली कडीची दुसरी आवृत्ती काढून टाकत होता. एका ओळीचं काम. ते झाल्यावरही तो पडद्याकडे बघत बसला.

“साहेब, चालू तर मीच केलं ना?”

खुलाशांनी कोट घडी करून हातावर घेतला. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. “हो, तू चालू केलंस. पण मारायचं त्यानं ठरवलं आणि हत्यार म्हणून तुझी चूक उचलली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ठेवायला तुला वेळ लागेल. कदाचित खूप लागेल.” ते जिना चढून गेले.

थोड्या वेळानं जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. आता ताईंचे यजमान आले होते. शनिवारपासून दोघं समोरासमोर आले नव्हते. धाकटा उभा राहिला आणि भिंतीपर्यंत मागं सरकला.

“खुलाशांनी सांगितलं सगळं,” यजमान म्हणाले.

“भावोजी, मी…”

“घरी चल. आई विचारतेय तू कुठं आहेस.”

“मला नाही जमणार. ती विचारेल, ताईनं फोन केला तेव्हा काय झालं. काय सांगू?”

“झालं ते सांग.”

“ती मला घरातून घालवून देईल.”

“देईलही.” यजमानांनी टेबलाचा आधार घेतला. एकाएकी ते फार थकलेले दिसले. “काल रात्री मी घराच्या दाराशी किल्ली घेऊन उभा होतो. आत जाववेना. शेवटी शेजाऱ्यांनी विचारलं, काही हरवलंय का. मला एकट्यानं त्या घरात शिरवत नाही रे. तू चल. तू आईला सांग, मी शेजारी बसतो. मग ती ज्याला घालवायचं त्याला घालवू दे.”

धाकट्यानं बाहीनं डोळे पुसले. संगणक तसाच चालू ठेवून तो टेबलामागून बाहेर आला. जिना अरुंद होता, दोघांना शेजारी शेजारी चढता येण्यासारखा नव्हता. यजमान एक पायरी पुढं गेले, थांबले, आणि मागं न बघता त्यांनी हात मागं केला. धाकट्यानं तो धरला.